बोर्ड मध्ये येत होता

कॅमेरा आभाळातून अलगद खाली उतरला, आकाशपाळण्याला अर्धा वळसा घालून मागच्या अंगाला आला आणि थेट जाहिरातीच्या बोर्डात घुसला. सगळा पडदा नारिंगी होऊन गेला.

"काका, बाटलीत पडलात!" शेजारच्या खुर्चीवरून धूरवाली ओरडली.

बोर्ड थंड पेयाचा होता, तेव्हा तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तोही हसला. मग त्याने डावीकडच्या यादीत बोर्डाचा लेअर शोधला, त्याच्यासमोरचं डोळ्याचं चिन्ह माऊसने टिचकी मारून बंद केलं आणि बोर्ड गडप झाला. कॅमेरा पुन्हा सोडला. या खेपेला तो कुठेही न अडखळता उतरला, वळला आणि पाळण्याच्या पायरीपाशी येऊन हळूच थांबला.

"आता कसं गुळगुळीत!" धूरवाली म्हणाली आणि आपल्या कामाकडे वळली.

हा कॅमेरा म्हणजे काही हातात धरायची वस्तू नव्हे. तसला खरा कॅमेरा त्याने उभ्या आयुष्यात घरच्या लग्नाकार्यातसुद्धा नीट धरला नव्हता; धरला तेव्हा सगळ्यांची मुंडकी उडाली होती. हा कॅमेरा कॉम्प्युटरमधला. आतमध्ये सगळं जग आधी उभं करायचं, जमीन, भिंती, माणसं, आणि मग त्यातून हा नसलेला कॅमेरा फिरवायचा. कुठून निघायचं, कुठे रेंगाळायचं, कुठे वेग घ्यायचा, हे तो ठरवायचा, आणि यात त्याचा हातखंडा होता. त्याचे कॅमेरे नेहमी वरून झेपावत यायचे म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं उडाणकाका. शेजारची पोरगी धूर, आग, पाऊस, ठिणग्या घालायची, ती धूरवाली. दोघांनी मिळून आजवर साबण, सिमेंट, दंतमंजन आणि दोन पक्षांचे जाहीरनामे असं काय काय आभाळातून खाली आणलं होतं. साबण कुठला आणि जाहीरनामा कुठला, हे पुढे त्यांनाही आठवत नसे.

मध्ये काही आलं की त्या लेअरचा डोळा बंद करायचा, ही या धंद्यातली इतकी रोजची गोष्ट की तिचा कोणी विचारही करत नाही. खांब मध्ये आला, घालव खांब. झाड आडवं आलं, घालव झाड. एकदा त्याने एका बंगल्याच्या जाहिरातीत शेजारची अख्खी शाळा घालवली होती, आणि बिल्डरने त्याला मिठी मारली होती. त्या हिशेबाने एक बोर्ड म्हणजे काय!

पण हे काम साबणाचं नव्हतं. हा आकाशपाळणा खरा होता, गावाबाहेरच्या खेळांच्या पार्कमधला, आणि तो चालवणारा माणूस त्याच्या ताईचा नवरा होता.

अपघात होऊन बरेच दिवस झाले होते. संध्याकाळच्या गर्दीत एक बाई पाळण्यातून उतरत होती, तेवढ्यात चाक फिरलं. बाई वाचली, पण तिचा पाय गेला. चौकशी समिती बसली. पार्कच्या कंपनीने समितीपुढे दाखवायला अपघाताची फिल्म करून मागितली, म्हणजे नेमकं काय घडलं ते सगळ्यांना कळावं, आणि ते काम फिरत फिरत नेमकं याच ऑफिसात आलं. चौकशीत दोष भावोजींचा ठरला तर नोकरी तर जाणारच होती, वर खटलाही उभा राहणार होता.

साहेबांनी काम वाटताना तो गप्प बसला. पाळणेवाला आपला भावोजी आहे हे बोललो तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि दुसरा कोणी कसं करील कोण जाणे, असा त्याचा विचार. आपल्या हातात असलं म्हणजे वावगं काही होणार नाही. ताईलाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि फोनवर ती रडली होती, पण हलकं झाल्यासारखी.

कंपनीकडून एक बाई मंजुरीसाठी आल्या. कपड्यांना एक सुरकुती नाही आणि बोलणं त्याहून इस्त्रीचं. त्यांनी फिल्म दोनदा पाहिली.

"सुंदर. एकदम स्वच्छ दिसतंय सगळं," त्या म्हणाल्या. "कॅमेरा कोणी केलाय?"

साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

"फक्त एक करा. तो ब्रेकचा दांडा आहे ना ऑपरेटरच्या हाताशी, तो जरा लक्षात येत नाही. त्याला काहीतरी चमक द्या. लाल."

"खऱ्या दांड्याला दिवा असतो का?" धूरवालीने विचारलं.

"नसतो. पण बघणाऱ्याला समजायला नको का?"

धूरवालीने दांड्याला लाल चमक दिली. ती चमक अशी मंद धडधडत होती की आंधळ्यालाही दिसावी. आता फिल्ममध्ये भावोजींचा पुतळा, राखाडी, चेहरा नसलेला, त्या धडधडत्या दांड्याशेजारी उभा होता. समोर पायरी, पायरीवर उतरणारी राखाडी बाई. तो सरळ तिच्याकडे बघत होता आणि सरळ बघतच त्याने चाक सोडलं.

उडाणकाकाने तो तुकडा मागे घेऊन पुन्हा पाहिला. पण कंपनीने दिलेली मापं खरी होती, वेळा खऱ्या होत्या, आणि दिवा काय, समजायला हवाच. त्याने स्वतःची समजूत घातली. मंजुरी मिळाली, सही झाली.

रविवारी तो ताईकडे गेला. भावोजी खिडकीशी स्टुलावर बसले होते. उंच, सडपातळ माणूस; पूर्वी दारातूनच मोठ्याने हाक मारायचे. अपघातापासून त्यांची वाचाच बसली होती. विचारलं तर हो-नाही करायचे, नाहीतर आपल्या तळहातांकडे बघत बसायचे.

"किती दिवस असं चालायचं रे?" ताई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "जेवायला वाढलं तर जेवतात. नाही वाढलं तर मागत नाहीत. त्या बाईच्या घरी जायचं म्हणून दोनदा कपडे करून बसले, नि दोनदा उठून परत आत गेले."

"होईल नीट, ताई."

"तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ छोट्या. दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं असतं तर काय केलं असतं मी?"

चव्वेचाळिशीतला छोट्या बाहेर आला आणि काहीतरी बोलायचं म्हणून भावोजींना म्हणाला, "फिल्म झाली, भावोजी. सगळी मापं बरोबर घेतलीत."

भावोजींनी मान वर केली. "बोर्ड दाखवलास ना?"

"कुठला बोर्ड?"

"अरे, तो थंड पेयाचा. कुंपणाला लावलेला. माझ्या केबिनच्या अगदी समोर." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच सलग बोलत होते. "चढायची बाजू माझ्याकडे, उतरायची पलीकडे. पलीकडे हेल्पर असतो. सगळे उतरले की तो हात वर करतो, मग मी चाक सोडायचं. हा बोर्ड लावला आणि मला पलीकडचं दिसेनासंच झालं. ना पायरी, ना हेल्पर. मी सुपरवायझरला सांगितलं, एकदा नाही, चारदा सांगितलं. तो म्हणाला जाहिरातीचा करार झालाय, थोडे दिवस भागवून घ्या. मग मी नि हेल्परने आपसातच ठरवलं. त्याने बोर्डाच्या कडेबाहेर हात काढून दाखवायचा. तेवढा हात दिसायचा मला, कोपरापर्यंत."

"मग?"

"मग त्या दिवशी हात दिसला," भावोजी म्हणाले. "कोणाचा होता देव जाणे. खालून कोणी पाळण्यातल्या माणसाला हात करत असेल. मी सोडलं चाक."

ताई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला होता. नवरा बोलला याचाच तिला इतका आनंद झाला होता की तो काय बोलला हे अजून तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"दाखवलायस ना?" भावोजींनी पुन्हा विचारलं.

"म्हणजे काय! दाखवणारच की," तो म्हणाला. आयुष्यात त्याने लहानसहान थापा पुष्कळ मारल्या होत्या, पण ही मारताना त्याला घाम फुटला.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचून त्याने बोर्डाचा डोळा उघडला. बोर्ड जागेवर आला, आणि त्याचा तो लाडका कॅमेरा पहिल्यासारखा बाटलीत जाऊन पडला. मग त्याने एक नवा कॅमेरा घेतला, भावोजींच्या केबिनमध्ये नेला आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून दिला. हलवला नाही, फिरवला नाही. पडद्यावर नुसता बोर्ड दिसत होता. वर पाळण्याची चार-दोन टोपली. पायरी नाही, बाई नाही, काही नाही. त्याच्या सगळ्या नोकरीत त्याने इतका कंटाळवाणा शॉट लावला नव्हता, आणि इतका खराही लावला नव्हता.

"हे काय?" धूरवाली आल्या आल्या म्हणाली.

"पाळणेवाल्याला जे दिसत होतं ते."

ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मग म्हणाली, "बाई गं! आणि मी त्या दांड्याला दिवा लावलाय."

साहेब माणूस वाईट नव्हते. वयाने त्याच्याहून लहान, पण पगार वेळेवर द्यायचे आणि कोणाला उगाच बोलायचे नाहीत. त्यांनी शॉट पाहिला, हनुवटी खाजवली आणि त्याच्यासमोरच कंपनीच्या बाईंना फोन लावला. बराच वेळ ते नुसतं "हो, हो" करत होते.

"काका, त्या म्हणतात बोर्ड त्या आठवड्यात तिथे नव्हता. चित्र बदलायला काढला होता. आपण ज्यावरून बोर्ड केला ते फोटो जुने आहेत. आणि आता तर तो कायमचाच काढलाय."

"खोटं आहे ते. होता बोर्ड."

"तुम्हाला काय माहीत?"

आता इकडे आड तिकडे विहीर. तो उभ्याउभ्या टेबलाची कड चाचपडत राहिला. मग बोलला, "तो ऑपरेटर माझा भावोजी आहे. सख्ख्या बहिणीचा नवरा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"काका, काय केलंत हे तुम्ही? अहो, मग तुम्ही या कामाला हातच लावायचा नव्हता. उद्या कंपनीला कळलं की त्यांच्या फिल्मवर आरोपीचा मेहुणा बसला होता, तर माझं ऑफिस बंद होईल."

"पण साहेब, बोर्ड…"

"बोर्ड होता, धरून चालू. तो काढला कोणी? कंपनीने सांगितलं होतं का काढायला?"

"नाही."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांनी त्याला त्या कामावरून काढलं, रागावून नव्हे, आवाज खाली ठेवून, आणि पाठीवर हात ठेवून दारापर्यंत सोडायलाही आले. मंजूर झालेली फिल्म दुपारी कंपनीकडे गेली. धूरवालीने आपल्या जबाबदारीवर दांड्याची चमक थोडी कमी करून पाहिली होती. ते कंपनीच्या लगेच लक्षात आलं आणि चमक परत वाढवून घेतली गेली.

त्याने जमेल तिथे हातपाय मारले. हेल्परला शोधलं तर त्याची कंपनीच्या दुसऱ्या पार्कमध्ये बढतीवर बदली झाली होती. फोनवर तो म्हणाला, "साहेब, मला आता नीट आठवत नाही, आणि मला लहान पोरं आहेत." ताईला त्याने फिल्मचं काही सांगितलं नाही, वकिलांना पुरावा हवा एवढंच सांगितलं, आणि तिने ओळखीपाळखीतून पाळण्याचे फोटो मिळवले. बोर्ड सगळ्यांत होता, पण सगळे अपघाताच्या आधीच्या सहलींचे. त्या संध्याकाळचा एकच मिळाला, त्यात एका बाळाचा चेहरा आणि कानाच्या मागे थोडासा नारिंगी रंग. तो नारिंगी फुगासुद्धा असू शकतो, असं वकीलच म्हणाले, आणि ते आपल्या बाजूचे वकील होते.

समितीची खोली एका सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, त्यामागे तिघे जण, मधले अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर. त्यांचे केस पांढरे शुभ्र होते आणि ते प्रत्येकाला आधी बसायला सांगत आणि मगच प्रश्न विचारत. भावोजी पुढे वकिलांजवळ बसले होते. ताई आणि तो मागच्या रांगेत. पडदे ओढले आणि फिल्म लागली.

एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याने ती पाहिली नव्हती. कॅमेरा आभाळातून उतरला. पाळण्याची टोपली एकेक करून बाजूला सरत गेली आणि त्यातून वाट काढत तो असा काही वळला की मागे कोणीतरी "वा" म्हणालं. मग तो पायरीपाशी येऊन थांबला. एका नजरेत सगळं: इकडे पाळणेवाला, तिकडे बाई, मध्ये मोकळी, उजळ, स्वच्छ जागा. लाल दांडा धडधडत होता. राखाडी माणसाने समोर पाहिलं आणि चाक सोडलं.

ताईने त्याचा दंड धरला. तिची नखं रुतत होती. "बोर्ड कुठाय रे?" ती कुजबुजली. "छोट्या, बोर्ड कुठाय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला पाहवलंच नाही. पडदे उघडले आणि तो उभा राहिला.

"तिथे बोर्ड होता," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कंपनीच्या बाईंनीही पाहिलं आणि त्यांनी त्याला ओळखलं.

"बसा आधी," अध्यक्ष म्हणाले. "आपण कोण?"

"मी ही फिल्म केलीय. कॅमेरा माझा आहे. ऑपरेटरच्या समोर जाहिरातीचा बोर्ड होता, त्याला काहीच दिसत नव्हतं."

"ऑपरेटरशी आपला काही संबंध?"

"मेहुणे आहेत माझे."

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आणि फिल्म आपणच केलीत. मग बोर्ड का दाखवला नाहीत? कंपनीने नको म्हणून सांगितलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. हो म्हणाला असता तर काहीतरी निभावलंही असतं. पण कंपनीच्या बाई समोर बसल्या होत्या, साहेबांचं ऑफिस होतं, धूरवालीची नोकरी होती, आणि मुख्य म्हणजे अध्यक्ष इतक्या सरळपणे विचारत होते की त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"नाही. कॅमेऱ्याच्या मध्ये येत होता."

कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे काढताना आपल्यालाही तो महत्त्वाचा वाटला नव्हता," ते म्हणाले आणि शेजारच्या सदस्याकडे झुकून हळूच काही बोलले. मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

तो उभाच होता. बसायला त्याला आता कोणी सांगितलं नाही. शेवटी ताईनेच सदऱ्याला धरून खाली ओढलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

मधल्या सुट्टीत भावोजी बाहेरच्या व्हरांड्यात येऊन कठड्याला टेकले. वकील फोनवर होते, ताई पाणी आणायला गेली होती. तो घाबरत घाबरतच त्यांच्याजवळ गेला.

"भावोजी," तो म्हणाला, "मी काय करून बसलो. मला मारा, काहीही करा."

भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

"छान केलीयस रे," ते म्हणाले. "मी पहिल्यांदाच नीट पाहिलं सगळं. ती बाई एक पाय पायरीवर टाकून उभी होती. हात कठड्यावर. एवढी समोर."

"भावोजी, ते मी वरून…"

"एवढी समोर होती," ते म्हणाले, "मग मला कशी नाही दिसली?"

"बोर्ड होता! तुम्हीच सांगितलंत मला. थंड पेयाचा, केबिनच्या समोर. हात दिसला तुम्हाला, कोपरापर्यंत."

भावोजींनी डोळे मिटले. खरोखर आठवायचा प्रयत्न करत असावेत तसे कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

"असं मीच म्हणालो होतो खरं," ते म्हणाले. "पण आता डोळे मिटले की तो दिसत नाही रे. तुझंच ते दिसतं."

"भावोजी, होता बोर्ड. शपथ घेऊन सांगतो."

ताई पाण्याचा ग्लास घेऊन आली. भावोजींनी तो दोन्ही हातांनी धरला, सावकाश सगळं पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास तिला परत दिला.

"तू म्हणतोस तर असेल, बाबा," लहान मुलाची समजूत काढावी तसं ते त्याला म्हणाले, आणि आपलं नाव पुकारलं जायच्या आधीच आत जाऊन बसले.